देवमनची बिनलाइटची गाडी

देवमन, तू हे वाचणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. नववीत असतानाही तू धडा वाचून आलास असा एक दिवस मला आठवत नाही. म्हणून मी हे तुला समोर बसवून ऐकवते आहे असं समज, आणि मध्ये बोलू नकोस.

गावात तुझ्याबद्दल दोन गोष्टी बोलतात. एक, पोराचा आवाज दणदणीत आहे. केस पिकले तरी तू त्यांना पोरच. दुसरी, हा माणूस बिनलाइटची गाडी पळवतो, एखाद्या दिवशी मरेल. पहिली खरी आहे. दुसरी अर्धीच, कारण गाडी तू कधी पळवलेली नाहीस. म्हशीच्या मागून चालवावी तशी चालवतोस. पण दिवा का काढून ठेवतोस, हे कुणी धड विचारलेलं नाही. त्या दिवसाचंही तसंच. बायको गेली त्या दिवशी देवमन तिची दवंडी देत केनवडपर्यंत गेला, डोकं फिरलं होतं त्याचं, असं लोक सांगतात. तुझं डोकंबिकं काही फिरलं नव्हतं. तुला एक काम होतं, ते करायला तू गेलास. ते काम काय होतं ते मी सांगणार आहे. तू नंतर तुकड्या-तुकड्याने जे बोललास त्यातूनच सांगणार आहे. भांड्याचंही सांगणार आहे, तेव्हा तोंड वाकडं करू नकोस.

आता इथून पुढे ‘तू’ नाही आणि ‘मी’ही नाही. देवमन, आणि त्याच्या शाळेतल्या वैजयंतीबाई. मी मी करत बसलं की गोष्ट पुढे सरकत नाही.

देवमन पडघाण शिरपूर जैन या गावचा. जुन्या मंदिराला येणाऱ्या यात्रेकरूंच्या गाड्या, एसटी, सोयाबीनचे ट्रॅक्टर, या सगळ्यांतून वाट काढत त्याची काळी मोटरसायकल गावात फिरते. मागच्या सीटवर लोखंडी पट्टीने आवळलेला कर्णा, टाकीवर रेक्झिनच्या पिशवीत ॲम्प्लिफायर, गळ्यात माइक. नळाला पाणी उद्या येणार नाही, डोळे तपासणीचं शिबिर आहे, कुणाची पांढऱ्या कपाळाची गाय हरवली आहे, हे सगळं तो सांगतो. पण त्याचं खरं काम मौतीचं. कुणी गेलं की घरचा माणूस आधी देवमनकडे येतो. मग देवमन गल्लोगल्ली सांगत जातो, कोण गेलं, कोणाचे कोण होते, किती वाजता उचलणार.

हे काम बारीक आहे. कुणाला स्वर्गवासी म्हणायचं, कुणाला कालकथित म्हणायचं, कुणाच्या घरून अंत्ययात्रा निघते आणि कुणाच्या घरून जनाजा, हे चुकलं की माणसं मयत सोडून भांडायला उठतात. देवमनचं चुकत नसे. मजकूर मात्र त्याला वैजयंतीबाईंकडून लिहून लागे. बाई हायस्कुलातून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण लाल पेन सुटला नव्हता. तो ‘दुःखद निधन’ म्हणाला की बाई ‘दुःखद’ खोडत.

“सुखद निधन असतं का रे कुणाचं?”

“लोकाइले बरं वाट्टे, बाई.”

“लोकांना बरं वाटायला तू दवंडी देतोस का? नाव सांग, वेळ सांग, पुढे चालू लाग.”

तो ते मान्य करी आणि पुढच्या मौतीला पुन्हा ‘दुःखद’ म्हणे.

त्याच्या बापाला हे काम पसंत नव्हतं. देवमनचा आजा गावकीचा सांगावा नेई. पाटलाच्या घरी माणूस गेलं की ऊन असो पाऊस असो, आज्याने पायी दहा गावं हिंडायची. सोयऱ्यांच्या अंगणात उभं राहायचं, ओसरीला शिवायचं नाही, वाकून बातमी सांगायची आणि मिळेल ते पदरात घेऊन परत यायचं. छप्पन साली बौद्ध झाल्यावर वस्तीने जी कामं टाकली त्यांत हे पहिलं. “आमी मेलेल्याचा सांगावा टाकला, अन् पोरानं मशीन लावून उचलला,” असं बाप चारचौघांत म्हणे. देवमनचं उत्तर ठरलेलं होतं. “आजा वाकून सांगे, मी गाडीवर बसून सांगतो. अन् कोणाच्या अंगणात जात नाई, रस्त्यावरूनच सांगतो.” हा नियम त्याने खरंच पाळला होता. दवंडी देताना त्याचा पाय कधी जमिनीला लागला नाही.

आता दिव्याचं. त्याची ही गाडी नव्या कायद्याची. इंजिन सुरू झालं की पुढचा दिवा आपोआप लागतो, दिवसासुद्धा, आणि बंद करायला बटणच दिलेलं नाही. ज्याला रस्त्याने जायचं आहे त्याला ते बरं. देवमनला मात्र चालत्या माणसाच्या वेगाने तासन् तास फिरायचं असतं, ॲम्प्लिफायर त्याच बॅटरीवर चालवायचा असतो, आणि असल्या चालीने बॅटरी भरत नाही, नुसती रिकामी होते. दोन मौती एका दिवशी आल्या की कर्णा कुईकुई करायला लागे. म्हणून गावात निघण्याआधी तो पुढच्या दिव्याचे स्क्रू सैल करून, मागे हात घालून बल्बचं सॉकेट उपसायचा, त्यावर चिकटपट्टी गुंडाळायचा आणि वायर आत खोचून द्यायचा. संध्याकाळी पुन्हा बसवायचा. बहुतेक वेळा बसवायचा. किकचा दांडा वर्षापूर्वी तुटला होता. सेल्फ आहे ना, म्हणून तोही बसवला नव्हता.

“सरकारनं दिवा चालू ठेवायला लावलाय तो काही मूर्खपणानं नाही,” बाई म्हणत.

“दिवा सरकारचा हाये, बाई. बॅटरी माही हाये.”

त्याची बायको भागिरथा केनवडची. तिचा धाकटा भाऊ अश्वजित तिथे शेती करतो. भागिरथा म्हणजे कामाला वाघ आणि बोलायला थोडी. तिचं एकच दुखणं होतं, की भाऊ आणि नवरा एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. ते घडलं असं. तिचा बाप वारला तेव्हा अश्वजित कामाला पुण्याकडे होता. वेळ देवमननेच फोनवर सांगितली, चार वाजता. अश्वजित मिळेल त्या गाडीने निघाला, चारच्या हिशेबाने. दुपारी आभाळ भरून आलं, लाकडं भिजतील म्हणून म्हातारी मंडळी घाई करू लागली आणि अडीचलाच उचललं. देवमनने वेळ बदलल्याची दवंडी केनवडभर दिली. ती रस्त्यात, फोनच्या रेंजबाहेर असलेल्या अश्वजितला कशी ऐकू जाणार? तो आला तेव्हा राख होती.

त्याने सगळ्यांसमोर देवमनला म्हटलं, “तुमच्या तोंडानं चार म्हटलं, अन् माह्या बापाचं तोंड मले दिसलं नाई. आता माह्या उंबऱ्यावर चढू नका.”

देवमन चढला नाही. भागिरथा माहेरी जायची ती एकटी. पुढे पुढे तीही थांबली.

हा प्रकार जुना. त्या दिवसाकडे येऊ.

हिवाळा होता, तूर कापणीला आली होती. आदल्या संध्याकाळी वैजयंतीबाई त्याच्या दाराशी आल्या. केनवडच्या बाजारात पवन नावाच्या दुरुस्तीवाल्याकडे त्यांचं मिक्सरचं भांडं पडलं होतं. तळातून गळत होतं म्हणून टाकलेलं. “उद्या केनवडचा बाजार आहे. जाशील तेव्हा घेऊन ये. नाहीतर तो ते दुसऱ्या कुणाला देऊन टाकेल, त्याचा काही भरवसा नाही.” देवमन म्हणाला, आणतो. भागिरथा आतून म्हणाली, “बाई, मी याद देतो त्याइले. नाईतर इसरतेत.”

सकाळी भागिरथाने चहा ठेवला आणि ओट्याला टेकून खाली बसली. चहा उतू गेला तो मुलीच्या नाकाला कळला. साक्षी, त्यांची एकुलती मुलगी, वाशीमला नर्सिंग शिकते आणि सुट्टीला आली होती. तिने जे करायचं ते केलं, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. डॉक्टर येईपर्यंत करायचं काही राहिलं नव्हतं.

देवमन दारात उभा होता. तो रडला नाही. बायका आल्या, त्यांनी भागिरथाला बाहेर घेतलं, पांढरं पातळ नेसवलं. म्हाताऱ्या केशरबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, “रड रे बापा.” त्याने मान हलवली, जशी एखाद्याने पाणी हवं का विचारल्यावर हलवावी. मग तो मोटरसायकलीपाशी गेला, स्क्रूड्रायव्हर काढला आणि दिव्याचं सॉकेट उपसायला बसला.

“बाबा, काय करून राह्यले तुमी?” साक्षी म्हणाली.

“सांगाव लागंल ना गावाले.”

“दुसरा कोणी सांगंल.”

“दुसरा कोण सांगते गावात?”

हे खरंच होतं. दुसरा कोणी नव्हता.

तो वैजयंतीबाईंकडे आला. बाई चप्पल घालून निघतच होत्या. तो म्हणाला, “बाई, लिहून द्या.” एवढ्या वर्षांत बाईंनी कागद घेऊन विचार केला नव्हता, आज केला. त्यांनी लिहिलं: कालकथित भागिरथाबाई देवमन पडघाण यांचे आज सकाळी दुःखद निधन झाले आहे. अंत्यविधी सायंकाळी पाच वाजता. ‘दुःखद’ त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि खोडलं नाही. देवमनने कागद घेतला. बाहेर पहिल्या कोपऱ्यावर त्याने वाचलं ते बाईंना घरात ऐकू आलं. ‘आज सकाळी निधन झाले आहे.’ सवयीने त्याने तो शब्द गाळला होता.

आवाज नेहमीचा होता. हेच लोकांना सहन झालं नाही. पाण्याची पाळी सांगावी तसा सपाट, मोठा, स्पष्ट आवाज. बायका दारात येऊन तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. कुणी त्याला थांबवलं नाही.

शिरपूरला एक फेरा पुरतो. देवमनने एक फेरा केला आणि पुन्हा सुरू केला. बसस्टँड, बाजारओळ, मंदिराचा रस्ता, भीमनगर, परत बसस्टँड. भागिरथाबाई देवमन पडघाण. भागिरथाबाई देवमन पडघाण. यात्रेकरूंनी ऐकलं, त्यांना काय त्याचं. चहावाल्याने तिसऱ्यांदा हात जोडले. सकाळ सरून उन्हं डोक्यावर आली. इकडे साक्षी मामाला फोन लावत होती आणि फोन बंद येत होता. मामीचा नंबर घरात कुणाकडे नव्हता, कारण ज्या घरी जायचं नाही त्या घरचा नवा नंबर कोण घेतो? साक्षी रडत बाईंना म्हणाली, “बाई, मामाले आईचं तोंड पाहू द्या. नाईतर या घराचं नावच राह्यनार नाई त्याच्या तोंडात.”

बाई उठल्या आणि भर रस्त्यात त्याच्या गाडीपुढे उभ्या राहिल्या.

“देवमन, बस. गावाला कळलं.”

त्याने इंजिन बंद केलं नाही.

“अश्वजितला कळलेलं नाही. त्याचा फोन बंद आहे. कुणाला तरी केनवडला पाठवू.”

“मीच जातो.”

“तू कशाला? तू घरी बस. तुझं काम आज तिथं आहे.”

देवमनने गळ्यातला माइक बाजूला सारला. मग म्हणाला, “बाई, मागं चुकीचा टाइम माह्या तोंडून गेल्ता. आता बरोबर टाइम दुसऱ्याच्या तोंडून गेला त तो काय म्हणंल?”

“आणि त्यानं उंबऱ्यावर चढू नको म्हटलंय, त्याचं काय?”

“रस्त्यावरून सांगतो ना. रस्ता त्याचा नाई.”

बाईंनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. त्याच्या डोक्यात एकच हिशेब होता हे त्याने नंतर सांगितलं. गाडी कुठे बंद करायची नाही. बंद केली तर पुन्हा सुरू होईलच असं नाही, आणि कर्णा केनवडला पोचेपर्यंत जगला पाहिजे. दिवा काढलेलाच आहे, तेवढी वीज वाचते आहे. तो मोकळ्या रस्त्याने भागिरथाचा विचार करत गेला का? नाही. तो बॅटरीचा विचार करत गेला. तसं त्याने सांगितलं, आणि सांगताना त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

केनवडला बाजार भरला होता. वांगी, मिरच्या, कापडं, बांगड्या, गाड्यांचे हॉर्न. देवमनने माइक तोंडाशी धरला आणि गर्दीतून इंच इंच पुढे सरकू लागला. केनवडच्या लोकांनी भागिरथाला लहानपणापासून पाहिलेलं. भाजी विकणारी रामीबाई हातातला तराजू खाली ठेवून उठली. “भागी? आपली भागी?” देवमनने मान हलवली आणि पुढचं वाक्य म्हटलं.

दोन वाक्यांच्या मधल्या जागेत बाजूच्या दुकानातून पवन ओरडला, “ओ देवमनभाऊ! बाईचं भांडं तयार हाये! घेऊन जा!”

पवनचं लक्ष हातातल्या पंख्यात होतं, दवंडी त्याने ऐकली नव्हती. भांडं फळीवर ठेवलेलं देवमनला दिसलं. बाईंनी नेलपॉलिशने त्यावर ‘वै’ काढलेला होता. घ्यायचं तर थांबायला हवं, उतरायला हवं, गाडी बंद करायला हवी. देवमनने पवनकडे पाहिलं आणि पुढे गेला.

“काहून? पैसे बाईनं देल्ले हायेत!” पवन मागून ओरडत राहिला.

बाजार ओलांडून वस्तीत शिरेपर्यंत कर्ण्याचा आवाज बारीक होऊ लागला होता. सकाळपासून शिरपुरात जे फेरे झाले त्यात वाचवलेली वीज कधीच सरली होती. एका माणसाला कळवायला बॅटरी पाहिजे होती, आणि ती त्याने ज्यांना कळलेलं होतं त्यांना पुन्हा पुन्हा सांगण्यात घालवली होती. अश्वजितच्या गल्लीच्या तोंडाशी शेळ्या आडव्या आल्या. गाडी जागेवर गुरगुरली. “कालकथित भागिरथाबाई देव...” इथे कर्णा गेला. पाठोपाठ इंजिन बसलं. त्याने सेल्फ दाबला. कट कट झालं. पुन्हा दाबला. तेही होईना.

गल्ली पुढे सरळ होती आणि तिच्या टोकाला अश्वजितचं निळ्या दाराचं घर.

देवमन गाडीवरून उतरला. गळ्यातला माइक काढून हँडलला अडकवला. गाडी तिथेच सोडून तो चालत निघाला आणि चालता चालता उघड्या तोंडाने म्हणू लागला, “भागिरथाबाई देवमन पडघाण यांचे आज सकाळी निधन झाले आहे.” किती मोठ्याने बोलायचं ते त्याला कळेना. इतकी वर्षं मशीन बोलत होतं. लोकांनी नंतर सांगितलं की तो पुटपुटतच होता. निळ्या दारापुढे अंगण होतं. तो अंगणात आला आणि ओसरीच्या अलीकडे थांबला, बरोबर तिथे जिथे त्याचा आजा थांबत असे. हेही त्याने नंतर ओळखलं, तेव्हा नाही.

अश्वजितची बायको नीता बाहेर आली. तिने याला एकट्याला, पायी, अंगणात पाहिलं. पुढचं विचारावं लागलं नाही.

“ताई?” तिने विचारलं.

“पाच वाजता,” देवमन म्हणाला. बाकीचं त्याच्याने झालं नाही. वेळ तेवढी सांगितली.

अश्वजित वावरात तूर कापत होता. गावात आदल्या दिवसापासून लाइन नव्हती, फोन मरून घरात पडला होता. नीताने शेजारच्या दिराच्या अजून चालू असलेल्या फोनवरून साक्षीला कळवलं, त्याला वावराकडे पिटाळलं, आणि देवमनला पाणी दिलं. “वर या भाऊजी, बसा.” तो वर गेला नाही. पेला हातात धरून अंगणातच उभा राहिला. पाणी पिऊन झाल्यावरही पेला हातातच होता.

वावर लांब. अश्वजित आला तेव्हा उन्हं कलली होती. अंगावर तुरीचा भुसा, पायात गमबूट. तो देवमनच्या समोर येऊन थांबला. नीताने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत गेली नाही.

“टाइम काय देला?” अश्वजित म्हणाला.

“पाच.”

“खरे पाच, का तुमचे पाच?”

गल्लीत माणसं जमली होती. देवमनने पेला ओसरीच्या काठावर ठेवला.

“टाइम बिम काई नाई,” तो म्हणाला. “तू येशीन तवा उचलू. तू नाई आला त उचलत नाई.”

असं त्याने आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. त्याचा सगळा धंदा वेळेवर चालतो. अश्वजितने त्याच्याकडे पाहिलं, मग गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या काळ्या गाडीकडे पाहिलं.

“गाडी काहून तठी उभी केली?”

“बॅटरी गेली.”

“धक्का द्या रे,” अश्वजित पोरांना म्हणाला, आणि स्वतःही मागे लागला. दुसऱ्या गिअरवर गाडी आचके देत सुरू झाली. कर्ण्याची वायर अश्वजितनेच उपटून काढली. अश्वजित स्वतःच्या मोटरसायकलीवर, मागे नीता, आणि देवमन पुढे, असे निघाले. गाव सुटेपर्यंत ठीक होतं. पुढे अंधारून आलं. हिवाळ्याचा दिवस, पडतो तसा पडला.

अश्वजित बाजूला आला. “लाइट लावा ना!”

“सॉकेट काढून हाये.”

“मंग बसवा!”

“थांबलो त बंद पडंल. अन् लावला त चालाची नाई.”

अश्वजितने एक शिवी दिली. कुणाला दिली ते कळलं नाही, गाडीला असावी. मग त्याने वेग कमी केला आणि देवमनच्या मागे गेला. अगदी मागे, जरा उजवीकडे, म्हणजे त्याच्या दिव्याचा उजेड देवमनच्या खांद्यावरून पुढच्या रस्त्यावर पडेल. देवमनच्या पुढे रस्त्यावर त्याची स्वतःची सावली पडली होती, रिकाम्या कर्ण्यासकट, आणि तो तिच्या बाजूने बाजूने गाडी चालवत गेला. सगळा रस्ता तसेच आले. मोठी गाडी समोरून आली की अश्वजित दोनदा दिवा खालीवर करी, तिला कळावं की पुढे एक न दिसणारा माणूस आहे.

शिरपुरात मंडळी चुळबुळत होती. पाच वाजून गेले होते. दूरच्या काहींनी निघायची भाषा केली. म्हाताऱ्यांतल्या एकाने, “अंधाराचं कठीण हाये, उरकून घेऊ,” असं म्हणायला सुरुवात केली तेव्हा वैजयंतीबाई खुर्चीतून म्हणाल्या, “त्याच्या बापाचं एकदा असंच उरकलं, तेवढं पुरे. बसा खाली.” बाईंसमोर त्यांच्यातले निम्मे शिकलेले होते. बसले.

अश्वजित आला. गमबूट काढून त्याने बहिणीच्या पायाशी बसून तिचं तोंड पाहिलं. जितका वेळ पाहायचं तितका वेळ पाहिलं, कुणी मोजलं नाही. साक्षीने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग त्रिशरण-पंचशील झालं. माणसांनी खांदा दिला. पुढच्या उजव्या खांद्याला अश्वजित, डाव्याला देवमन.

स्मशानातून परतताना देवमन वैजयंतीबाईंजवळ आला. बाई बायकांबरोबर वेशीपाशी थांबल्या होत्या. त्याचे डोळे कोरडे होते, दिवसभर होते तसे. बाईंना वाटलं आता हा काही बोलेल.

“बाई,” तो म्हणाला, “तुमचं भांडं राह्यलं.”

“मरू दे रे ते भांडं,” बाई म्हणाल्या, आणि जीभ चावली.

“पवननं हाक मारली होती. तयार होतं. पण गाडी बंद केली असती त...”

“कळलं. घरी जा.”

“पुढच्या बाजाराले आणतो.”

“आण.”

यालाही आता दोन हिवाळे झाले. देवमन दवंडी देतो. आवाज तोच आहे. वेळ सांगताना हल्ली तो घरच्या माणसाला आधी विचारतो, “यायचं कोणी राह्यलं का?” आणि कुणी राहिलं असेल तर वेळ सांगतच नाही, ‘नंतर कळविण्यात येईल’ म्हणतो. लोक वैतागतात. बाईही वैतागल्या, “अरे, लोकांनी कामं सोडून किती वेळ बसायचं?” म्हणून. तो ऐकत नाही.

अश्वजित अधूनमधून येतो, भाचीसाठी म्हणून. देवमनशी फार बोलत नाही. एका रविवारी मात्र तो वाशीमहून एक छोटं बटण घेऊन आला, अंगणात बसून त्याने दिव्याची वायर कापली, मध्ये ते बटण टाकलं आणि हँडलला घट्ट बसवून दिलं. आता स्क्रू सैल करायला नको, सॉकेट उपसायला नको. दिवसा बंद, अंधारात चालू. हे सगळं त्याने गाडीलाच सांगितलं. “हे असं दाबाचं, अन् असं सोडाचं. समजलं का?” देवमन ओट्यावर बसून ऐकत होता. म्हणाला, “समजलं.”

केनवडचा बाजार दर आठवड्याला भरतो आणि देवमन तिथे जातो. पवनच्या दुकानाच्या रस्त्याने मात्र तो जात नाही, मागच्या गल्लीने वळसा घेतो. बाईंना हे रामीबाईकडून कळलं. बाईंनी त्याला विचारलेलं नाही. दुसऱ्या कुणाला आणायलाही सांगितलेलं नाही, एसटीने रोज निम्मं गाव केनवडला जातं तरी. चटणी त्या खलबत्त्यात कुटतात आणि कुटताना बडबडतात. मध्ये एकदा तो मजकूर घ्यायला आला तेव्हा त्याला खलबत्त्याचा आवाज आला. तो दारात थांबला.

“बाई, तुमचं भांडं...”

“हो. आणशील.”

“येत्या बाजाराले.”

“बरं.”

भांडं पवनच्या फळीवरच आहे.